परक्या शहरातील अविवाहित तरुण आणि पुरोगामी धर्मग्रामाचा शोध
हैदराबादच्या निमित्ताने काही विचार

अहिल्यानगर, जालना, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, वसई या भागांतील कॅथलिक कुटुंबांतली मुलेमुली शिक्षण पुरे करून नोकरीसाठी दूरच्या शहरांत जातात, ही गोष्ट आता नवलाची राहिलेली नाही. पुण्यामुंबईच्या जोडीला हैदराबादचे नाव घेतले जाते. १९९८ साली तेथे सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि माधापूर, गच्चीबावली, कोंडापूर हा शहराचा पश्चिम भाग संगणक-व्यवसायाचे मोठे केंद्र बनला. वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहणारा, विशी-तिशीतला, अविवाहित असा एक मोठा वर्ग तेथे वस्तीस आला. त्यात आपलीही मुलेमुली आहेत.

अशा तरुणांपैकी एखादा गावी आल्यावर आपल्या धर्मगुरूंना विचारतो, “फादर, तिकडे एखादे पुरोगामी विचारांचे चर्च आहे का?” या प्रश्नाला बहुधा दोन उत्तरे मिळतात. एक, “चर्च सगळीकडे सारखेच, जवळ असेल तिथे जा.” दुसरे, ओळखीच्या एखाद्या धर्मगुरूचे नाव. पहिले उत्तर तत्त्वतः खरे असले तरी प्रश्न ऐकून न घेता दिलेले असते. दुसरे उपयोगी असले तरी अपुरे असते, कारण त्या धर्मगुरूंची बदली झाली की उत्तरही संपते. या प्रश्नाचा नीट विचार केल्यास त्यातून धर्मग्राम म्हणजे काय, याच विषयाकडे आपण येऊन पोहोचतो, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत लेखात त्याचाच थोडक्यात ऊहापोह करावयाचा आहे.

१. ‘पुरोगामी’ म्हणजे काय?

पाश्चात्त्य देशांत ‘पुरोगामी’ व ‘परंपरावादी’ ही ख्रिस्तसभेअंतर्गत दोन पक्षांची नावे झाली आहेत. आपला तरुण हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याला नेमका हाच अर्थ अभिप्रेत असतो असे नाही. मराठीत या शब्दामागे महात्मा जोतीराव फुले, सावित्रीबाई फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा वारसा उभा आहे. जातिभेदाचा निषेध, स्त्रियांना बरोबरीचे स्थान, विवेकाचा आदर आणि शोषितांची बाजू, एवढे अर्थ तो शब्द आपल्याबरोबर आणतो. आपल्या श्रद्धावंतांपैकी पुष्कळांचे पूर्वज ज्या समाजांतून ख्रिस्ताकडे आले ते समाज लक्षात घेता, हा वारसा आपल्या तरुणांना परका नाही.

या अर्थाने घेतल्यास पुरोगामित्व हे श्रद्धेला बाहेरून लावलेले ठिगळ ठरत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीचे संविधान प्रसिद्ध केले. त्यात वंश, लिंग, सामाजिक दर्जा यांवर आधारलेला भेदभाव देवाच्या योजनेविरुद्ध आहे, असा स्पष्ट निर्वाळा दिला आहे. तेव्हा “पुरोगामी धर्मग्राम कोठे आहे?” हा प्रश्न पुष्कळदा “विश्वपरिषद जेथे प्रत्यक्षात उतरली आहे असा धर्मग्राम कोठे आहे?” असाच असतो. प्रश्नकर्त्यास तसे शब्दांत मांडता येत नसेल, इतकेच.

२. धर्मग्राम निवडता येतो काय?

येथे कॅनन कायदा आपल्या अनेकांच्या समजुतीपेक्षा अधिक उदार आहे. १९८३ च्या संहितेतील ५१८ व्या कलमानुसार धर्मग्राम हा सामान्यतः प्रादेशिक असतो. म्हणजे ठरावीक हद्दीत राहणारे सर्व श्रद्धावंत त्याचे घटक होत. उपासनापद्धती, भाषा अथवा राष्ट्रीयत्व यांवरून वेगळे धर्मग्राम स्थापण्याची मुभाही तेच कलम देते. १०२ व्या कलमात कायम निवासाबरोबर तात्पुरत्या निवासाचीही तरतूद आहे. एखाद्या धर्मग्रामात निदान तीन महिने राहण्याच्या हेतूने जो येतो, किंवा जो प्रत्यक्ष तीन महिने राहतो, त्याला तेथे हा निवास प्राप्त होतो. आणि कलम १०७ सांगते की, या निवासामुळे तेथील प्रमुख धर्मगुरू हे त्याचे स्वतःचे धर्मगुरू होतात.

समजा, जालन्याकडील पंचवीस वर्षांची एक मुलगी गच्चीबावलीत नोकरीस लागली. गावचे घर तिने सोडलेले नाही. आपला धर्मग्राम तोच, असे ती मानते. परंतु तीन महिने उलटताच ती हैदराबादच्या त्या धर्मग्रामाचीही घटक झालेली असते. वहीत नाव नोंदवले की नाही, कुटुंबपत्रिका आहे की नाही, यावर ते अवलंबून नाही. नोंदवही वस्तुस्थितीची नोंद करते. वस्तुस्थिती निर्माण करीत नाही. तेथे ती पाहुणी नव्हे. विवाहाच्या बाबतीत तर कायदा याहून सौम्य आहे. वधूवरांपैकी एकाचे एक महिन्याचे वास्तव्यही त्या धर्मग्रामात विवाह होण्यास पुरेसे असते, हे कलम १११५ वरून दिसते.

दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कलम १२४८ नुसार रविवारचे कर्तव्य कॅथलिक उपासनापद्धतीने होणाऱ्या कोणत्याही मिस्सात सहभागी होऊन पुरे होते. म्हणजे आपल्या हद्दीबाहेरील चर्चमध्ये जाण्याने कोणी दोषी ठरत नाही. शिवाय देवशब्द व संस्कार यांचे साहाय्य धर्मपालांकडून मिळणे हा श्रद्धावंतांचा हक्क आहे (कलम २१३), आणि आपल्या गरजा व इच्छा त्यांच्यापुढे मांडण्याचे स्वातंत्र्यही त्यांना आहे (कलम २१२). तात्पर्य, तरुणाला एक घर नेमून दिलेले आहे, पण दुसऱ्या अंगणांत जाण्यास मनाई नाही. जेथे अधिक पोषण मिळते तेथे त्याने जावे. मात्र ज्या धर्मग्रामाच्या हद्दीत तो झोपतो-उठतो, तेथील धर्मगुरूंना आपले तोंड एकदा तरी दाखवावे.

३. हैदराबादची ख्रिस्तसभा

हैदराबाद मराठी माणसास तसे परके नाही. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, आणि शिक्षणासाठी, कोर्टकचेरीसाठी मराठवाड्याची पावले त्या शहराकडेच वळत. आजही तेथे जुनी मराठी वस्ती व मराठी संस्था आहेत. तथापि मराठी मिस्साची अपेक्षा मनात धरून तरुणाने तेथे जाऊ नये. तेथील लॅटिन पद्धतीची उपासना मुख्यत्वे तेलुगू व इंग्रजी या भाषांतून चालते.

हा महाधर्मप्रांत जुना आहे. १८५१ मध्ये हैदराबादचे प्रेरितिक प्रतिनिधिक्षेत्र स्थापन झाले. १८५५ पासून मिलान येथील मिशनऱ्यांनी तेथे काम केले. १८८६ मध्ये धर्मप्रांत आणि १९५३ मध्ये महाधर्मप्रांत अशी त्याची वाढ झाली. गनफाउंड्री येथील संत जोसेफ कॅथेड्रल आणि २००८ साली बॅसिलिकेचा दर्जा मिळालेले सिकंदराबादचे संत मेरी चर्च ही त्याची सुपरिचित स्थाने होत. २०२० साली तेथे आर्चबिशप म्हणून नियुक्त झालेले अँथनी पूला यांना २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कार्डिनल केले. कार्डिनलपदी पोहोचलेले ते पहिले दलित व पहिले तेलुगूभाषक होत. आपल्याकडील तरुणांना या घटनेचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

त्याच शहरात सिरो-मलबार श्रद्धावंतांसाठी २०१७ मध्ये शमशाबाद धर्मप्रांत स्थापन झाला. लॅटिन पद्धतीचा तरुण मित्रांबरोबर त्यांच्या मिस्सात खुशाल सहभागी होऊ शकतो. कितीही काळ गेला तरी तेवढ्याने त्याची पद्धती बदलत नाही. सामाजिक कार्याची ओढ असणाऱ्यांनी उप्पल येथील माँटफोर्ट सोशल इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांचीही माहिती करून घ्यावी. कारण समविचारी सोबती रविवारच्या गर्दीत मिळतीलच असे नाही. कामाच्या ठिकाणी ते अधिक सहज भेटतात.

येथे भाषेचा मुद्दा थोडा थांबून पाहिला पाहिजे. कचेरीत इंग्रजी बोलणारा आपला तरुण स्वाभाविकपणे इंग्रजी मिस्साला जातो. तेथील प्रवचन त्याला कळते, गायन आवडते, आणि “हेच ते पुरोगामी चर्च” असा त्याचा ग्रह होतो. परंतु भारतीय शहरांत इंग्रजी मिस्सा हा बहुधा शिकलेल्या, मध्यमवर्गीयांचा मेळावा असतो. त्याच चर्चमध्ये तेलुगू मिस्साला येणाऱ्यांत त्याच्या वसतिगृहात भांडी घासणारी बाई असू शकते, त्याच्या इमारतीवर राबणारा गवंडी असू शकतो. समतेचे शब्द एका भाषेत ऐकावयाचे आणि समतेची माणसे दुसऱ्या भाषेत प्रार्थना करीत असावयाची, ही विसंगती त्याच्या ध्यानात आणून देणे आपले काम आहे. महिन्यातून एकदा तरी त्याने तेलुगू मिस्साला उभे राहावे. प्रतिसाद चारदोन रविवारांत पाठ होतात, आणि शांतिचिन्ह देताना भाषेची अडचण येत नाही.

४. पारख कशी करावी?

‘पुरोगामी’ अशी पाटी कोणत्याही चर्चवर नसते. ती असती तरी तिच्यावर विसंबून चालले नसते. तरुणांच्या हाती आपण काही कसोट्या द्याव्यात. आमच्या मते त्या पुढीलप्रमाणे असाव्यात.

पहिली कसोटी जातीची. भारतात धर्मग्रामाची पारख येथूनच सुरू झाली पाहिजे. समित्यांवर कोण आहेत, सणाचा मान कोणाकडे जातो, दफनभूमीत भेद आहे काय, हे पाहावे. याकोबाच्या पत्रात सभेत येणाऱ्या श्रीमंताला चांगली जागा व गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांची जी कानउघाडणी आहे, ती आपल्यासाठीच लिहिल्यासारखी वाटते. भारतीय बिशप्स परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर करून ख्रिस्तसभेतील जातिभेदाची उघड कबुली दिली आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे दलित ख्रिस्ती अनुसूचित जातींच्या सवलतींपासून वंचित आहेत, आणि त्याविरुद्ध आपण न्याय मागतो. राज्याकडे मागितलेला न्याय धर्मग्रामात दिला जातो काय, हे तरुण पाहणारच, आणि त्यांनी पाहावे.

दुसरी कसोटी स्त्रिया व प्रापंचिक यांच्या सहभागाची. पवित्र गुरुवारच्या पादक्षालनात स्त्रियांचा समावेश करण्यास २०१६ साली मान्यता मिळाली. वाचक व वेदीसेवक ही सेवापदे २०२१ मध्ये स्त्रियांस खुली झाली. त्याच वर्षी धर्मशिक्षकाची सेवा ही विधिवत दिली जाणारी सेवा म्हणून प्रस्थापित झाली. बिशप्स परिषदेचे स्त्री-पुरुष समतेविषयीचे धोरण तर २०१० पासून उपलब्ध आहे. या गोष्टी कागदावर आहेत की वेदीभोवती दिसतात? धर्मग्राम-सल्लागार मंडळ भरते काय? श्रद्धावंतांनी दिलेल्या दानाचा हिशेब, कलम १२८७ मध्ये सांगितल्याप्रमाणे, त्यांच्यापुढे ठेवला जातो काय? हिशेबाचा कागद सूचनाफलकावर लागला असेल, तर त्यावरून त्या धर्मग्रामाचा स्वभाव पुष्कळसा कळतो.

तिसरी कसोटी अविवाहिताच्या स्थानाची. आपल्या बहुतेक कार्यक्रमांची आखणी कुटुंब धरून असते: मुलांचे धर्मशिक्षण, दांपत्यांचे मेळावे, लग्नपूर्व वर्ग. एकट्या माणसाला त्यात जागा सापडत नाही, आणि सापडलीच तर “लग्न कधी?” हा प्रश्न तिच्यासोबत येतो. मुलींना तो अधिक वेळा ऐकावा लागतो. जीवनस्थितीची निवड कोणत्याही दडपणावाचून करण्याचा हक्क कलम २१९ ने सर्वांना दिला आहे. अविवाहित राहणाऱ्यांविषयी कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (क्र. १६५८) विशेष आस्थेने बोलतो, आणि घराघरांची व ख्रिस्तसभेची दारे त्यांना उघडी असावीत असे सांगतो. संत पौल स्वतः अविवाहित होता आणि त्या स्थितीला त्याने कृपादान मानले. एकटेपण हा केवळ विवाहाची वाट पाहण्याचा काळ नव्हे. त्या दिवसांतही देव हाक मारीत असतो.

चौथी कसोटी अवघड प्रश्नांपुढे धर्मगुरू कसे वागतात, ही. आंतरधर्मीय विवाहाचा विचार मनात असलेला तरुण धर्मगुरूंकडे जाण्यास घाबरतो. अशा विवाहास बिशपांची सूट मिळू शकते व तिच्या अटी कोणत्या, हे कलम १०८६ व ११२५ मध्ये स्पष्ट आहे, ही साधी माहिती त्याला कोणी दिलेली नसते. समलिंगी ओढ असणाऱ्यांबद्दल प्रवचनात थट्टा होते, की धर्मशिक्षणग्रंथ सांगतो त्याप्रमाणे आदराने व सहानुभूतीने बोलले जाते? बालके व दुर्बल व्यक्ती यांच्यावरील अत्याचाराची तक्रार कोठे करावी, याची माहिती चर्चमध्ये उघडपणे लावलेली आहे काय? या प्रश्नांवर ख्रिस्तसभेची शिकवण बदलून सांगणारा धर्मगुरू तरुणांना हवा असतो, असा आपला गैरसमज असतो. न रागावता संपूर्ण शिकवण सांगणारा आणि आधी ऐकून घेणारा धर्मगुरू त्यांना बहुधा पुरेसा असतो.

पाचवी कसोटी कुंपणाबाहेरच्या माणसांची. धर्मग्रामाच्या खर्चात व वेळात गरिबांचा वाटा किती, इतर धर्मीय शेजाऱ्यांशी संबंध कसे, हे पाहावे. याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. ही कसोटी तरुणांना आपल्यापेक्षा चांगली समजते.

५. शोधातील धोका

या शोधात एक धोकाही आहे, आणि तो न सांगणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. करिंथ येथील मंडळीत “मी पौलाचा”, “मी अपुल्लोचा”, “मी केफाचा” असे गट पडले होते, आणि पौलाने त्यांस ख्रिस्ताचे तुकडे झाले आहेत काय, असे विचारले. आपल्याच मतांच्या माणसांबरोबर प्रार्थना करण्याची सवय लागली की धर्मग्रामाचा क्लब होतो. क्लब पुरोगाम्यांचा असला म्हणून तो ख्रिस्तसभा होत नाही. ‘कॅथलिक’ या शब्दाचा अर्थच सर्वांचा, सर्वव्यापी असा आहे.

शिवाय जुन्या भक्तिप्रकारांकडे पाहण्याची घाईची दृष्टी टाळली पाहिजे. नोव्हेना, जपमाळ, यात्रा यांना शिकलेला तरुण कधीकधी मागासलेपण समजतो. सप्टेंबरमध्ये हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला चालत जाणाऱ्या आपल्या आयाआज्यांचेच उदाहरण घ्या. ज्यांच्या पूर्वजांना देवळाचे दार बंद होते, त्या स्त्रिया मरियामातेपुढे कोणाच्याही परवानगीवाचून उभ्या राहतात. समतेचा याहून मोठा धडा क्वचित कोठे मिळेल. हैदराबादेतही गुडघे टेकून तेलुगूत जप करणारी म्हातारी आपल्या पुरोगामी तरुणाला काही शिकवू शकेल.

म्हणून तरुणांना आमचा सल्ला असा की, एका रविवारवरून निर्णय करू नये. एकाच ठिकाणी लागोपाठ पाचसहा रविवार जावे. मिस्सानंतर लगेच न निघता थोडे थांबावे. धर्मगुरूंना भेटून आपण काय करू शकतो ते सांगावे: वाचन, गायन, मुलांचे वर्ग, हिशेब, संगणकाचे काम. पूर्ण पुरोगामी असा तयार धर्मग्राम मिळेलच असे नाही, परंतु आठदहा तरुणांनी पाय रोवल्यावर धर्मग्राम बदलतात. २०१९ च्या ‘ख्रिस्तूस विवित’ या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी तरुण हे युवासेवेचे केवळ लाभार्थी नसून तिचे कर्ते आहेत, या विचारावर भर दिला आहे, तो याच अर्थाने.

६. पाठवणारे आणि स्वीकारणारे

आता आपल्या स्वतःच्या कर्तव्याविषयी. आरंभीच्या ख्रिस्ती समूहांत एक सुंदर पद्धत होती. प्रवासास निघालेल्या बंधुभगिनीबरोबर शिफारसपत्र दिले जाई. अपुल्लो अखयास निघाला तेव्हा इफिसच्या बंधूंनी तेथील शिष्यांना त्याचा स्वीकार करण्याविषयी लिहिले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात पौल किंख्रिया येथील मंडळीची सेविका फिबी हिची शिफारस करतो, आणि तिला लागेल ते साहाय्य करण्यास सांगतो. फिबी कोणाची पत्नी वा कोणाची कन्या, याचा तेथे उल्लेखही नाही. ती आपली बहीण आहे आणि तिने पुष्कळांना मदत केली आहे, एवढी ओळख पौलाला पुरेशी वाटली.

ही पद्धत आपण पुन्हा सुरू करावी. मुलगा किंवा मुलगी नोकरीस निघाली की रविवारच्या मिस्सात तिच्यासाठी प्रार्थना व्हावी. स्नानसंस्कार व दृढीकरण यांचे दाखले तिच्या हाती द्यावेत, आणि त्यांबरोबर धर्मगुरूंचे चार ओळींचे पत्र असावे: ही आमची कोण, येथे तिने काय सेवा केली, तिला कशाची गरज पडू शकेल. नव्या ठिकाणच्या धर्मगुरूंना एक फोन करण्यास पाच मिनिटे लागतात. धर्मशिक्षकांनी दृढीकरणाच्या वर्गातच मुलांना तीन महिन्यांच्या निवासाचा नियम शिकवावा, म्हणजे पुढे परक्या शहरात ती स्वतःस उपरी समजणार नाहीत.

स्वीकारणाऱ्या धर्मगुरूंसाठी कलम ५२९ आहे. धर्मगुरूंनी विशेष प्रयत्न करून ज्यांना शोधावयाचे, त्यांत गरीब व दुःखितांबरोबर एकाकी व्यक्ती आणि मायभूमीपासून दुरावलेले लोक यांचा तेथे नावाने उल्लेख आहे. रात्रपाळी करणाऱ्यांसाठी रविवारी संध्याकाळचा मिस्सा, नव्याने आलेल्यांची महिन्यातून एकदा चहावर भेट, आणि पहिल्या महिन्यातच सोपवलेले एखादे लहान काम, एवढ्याने पुष्कळ साधते. आपल्या पुणे-मुंबईतील धर्मग्रामांतही तेलुगू, तमीळ, उडिया, झारखंडी तरुण असेच एकटे येऊन मागच्या बाकावर बसतात. हैदराबादकडून जी अपेक्षा आपण करतो, ती त्यांच्या बाबतीत आपण पुरी करतो काय, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

हे सारे निकडीचे आहे, कारण अशी मुले भांडून ख्रिस्तसभा सोडीत नाहीत. एक रविवार चुकतो, मग दोन, मग कोणी विचारीत नाही आणि तीही काही बोलत नाहीत. पाचसहा वर्षांनी लग्नाच्या दाखल्यासाठी ती कार्यालयात येतात, आणि तोवर दोन्ही धर्मग्रामांत त्यांना ओळखणारे कोणी उरलेले नसते. ‘पुरोगामी चर्च कोठे आहे?’ असे विचारणारा तरुण अजून दाराशी उभा असतो. त्याचा प्रश्न ही तक्रार समजू नये. आत येण्याची ती इच्छा आहे. त्याला बसवून घ्यावे, त्याचे ऐकावे, आणि त्याच्या हाती पत्र देऊन त्यास पाठवावे.